आखाजीची दुसरी घागर

बुऱ्हाणपूर
६ एप्रिल

प्रिय वंदना,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस. नवऱ्यानं बायकोला पत्रात आशीर्वादच लिहावेत असं आमच्या अण्णांचं मत होतं. पण इतकी वर्षं ज्या बाईनं मला रुमाल कुठे ठेवलाय तेसुद्धा सांगितलं, तिला आशीर्वाद देणारा मी कोण?

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तिकडे पुण्यात तुझा फोन कायम स्पीकरवर. मांडीवर आपली नात ओवी, मागे सूनबाई मोनालीची मीटिंग, मध्येच आपला ऋषिकेश "बाबा, जेवलात का?" विचारून पुढे जातो. एवढ्या गर्दीत मी काय बोलणार? हवामान बोलतो. शिवाय नेपानगरच्या मिलमध्ये जन्मभर कागद बनवला, आता थोडा स्वतःसाठी वापरावा म्हटलं.

तर बातमी अशी की मी चहा सोडला. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. उन्हाळ्यात दूध नासतं, म्हणून दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं, एवढंच. मोनालीला हे कुठून कळलं कोण जाणे, तिनं मोबाईलवर बर्फाच्या चहाची कृती पाठवली. त्यात कॅमोमाइल नावाची फुलं होती. दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "काकाजी, ये कौनसी कंपनी का है?" मी मान खाली घालून अर्धा किलो साबुदाणा घेऊन परत आलो. साबुदाणा कशाला घेतला ते विचारू नकोस.

मग मागच्या दारातल्या तुझ्या बादलीकडे लक्ष गेलं. बुड फुटलेल्या बादलीत तू गवती चहा लावून गेलीस, तो आता कमरेएवढा झालाय. कात्रीनं चार पाती कापल्या, पुदिना घेतला, तुळशीला विचारून तिची थोडी पानं घेतली आणि सगळं आपल्या नेहमीच्या चहासारखं खळखळ उकळलं. वंदना, असा कडू काढा झाला की मला लहानपणचा ताप आठवला. दुसऱ्या दिवशी अक्कल आली. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग पानं, ठेचलेलं आलं आणि चिमूटभर बडीशेप टाकून झाकण ठेवायचं आणि तिथून निघून जायचं. सारखं झाकण उचलून पाहायचं नाही. रंग फिकट हिरवा, पोपटी म्हणावा असा येतो. गाळायचं, खडीसाखर विरघळवायची आणि पार निवल्यावर लिंबू पिळायचं. पेल्यात आधी भिजवलेला सब्जा, मग बर्फ, मग हे. पहिला घोट घेतला आणि "जमलं गं!" असं मोठ्यानं म्हणालो. मग झाकपाक केली.

केळीच्या बागांना ऊन लागतंय असं समोरचे उखर्डूभाऊ म्हणत होते. संध्याकाळी राजघाटावर जाऊन बसतो. तापीला पाणी कमी आहे. बाकी सगळं मजेत. इकडची काळजी नसावी.

तुझा,
अनंत


बुऱ्हाणपूर
१७ एप्रिल

प्रिय वंदना,

पत्र मिळालं हे तू फोनवर सांगितलंस, पण ऋषिकेशनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि साबुदाण्यावर सगळे हसले, हेही सांगितलंस. हसले ते बरं झालं. हे पत्र मात्र तू एकटीनं वाच. गुपित काही नाही, पण वाच.

ऊन असं आहे की दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही. वीज गेली की बर्फाचं पाणी होतं, म्हणून चहा मातीच्या भांड्यात ठेवायचं ठरवलं. आखाजीला, म्हणजे तुमच्या पुण्याच्या अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर आणायला कुंभाराकडे गेलोच होतो, तर एकीऐवजी दोन घेतल्या. एक आईच्या नावाची, एक माझ्या चहाची. तू असतीस तर म्हणाली असतीस, आखाजीच्या घागरीबरोबर खाण्यापिण्याचं भांडं घेऊ नये. तू नव्हतीस, म्हणून घेतलं.

मातीत ठेवलेल्या गवती चहाला काय वास येतो म्हणून सांगू! सकाळी करून ठेवतो, दुपारी चारला पितो. तुझा तो स्टीलचा उंच पेलाही काढून ठेवतो. सवयीनं हात जातो. मग दोन्ही मलाच प्यावे लागतात, पण थंड असल्यामुळे बाधत नाही.

यंदा आईची घागर मी भरीन. तू येतेस का, असं मी विचारत नाहीये. ओवीला दात येताहेत, मोनालीची रजा संपलीय, पाळणाघरात ओवी आजारी पडली होती, हे सगळं माझ्या लक्षात आहे. दोन महिन्यांसाठी म्हणून दिवाळीनंतर गेलीस, त्याचाही हिशोब मी ठेवलेला नाही. तू फक्त खरबूज घागरीवर आधी ठेवायचं की पूजा झाल्यावर, तेवढं कळव.

मी छान आहे. मुळीच काळजी करू नये.

अनंत


बुऱ्हाणपूर
आखाजीचा दुसरा दिवस, सकाळ

वंदना,

काल दुपारी तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा मी खोटं बोललो. तू विचारलंस, "घरात एवढी माणसं कसली?" आणि मी म्हणालो, "सरबत प्यायला आलेत." खरं काय झालं ते आता सांगतो. आधी बस. ओवीला मोनालीकडे दे.

सकाळी लवकर उठून आतल्या खोलीत आईची घागर नीट भरली. पाट, रांगोळी, वर खरबूज, बाजूला आंबा आणि सांजोऱ्या. सांजोऱ्या विकतच्या, आईनं माफ करावं. मग चहा करून दुसरी घागर भरली आणि बाहेरच्या खोलीत तुझ्या खुर्चीशेजारी ठेवली, तिथे वारा येतो. तिच्यावरचं झाकण मांजर रोज पाडते. म्हणून उरलेलं दुसरं खरबूज झाकणावर वजन म्हणून ठेवलं. एवढ्यानं काही बिघडलं नसतं.

पण फुलवाल्याकडे आईसाठी हार घेताना सवयीनं मोगऱ्याचा गजराही घेतला होता. उन्हाळ्यात मी तिथून कधी गजऱ्याशिवाय आलोय का? घरी येऊन पुडी सोडली आणि हातात गजरा घेऊन उभा राहिलो. ठेवू कुठे? फ्रिजमध्ये ठेवला तर तो काळा पडतो. खुर्चीच्या वरच्या भिंतीवर ऋषिकेशनं मोठा करून दिलेला तुझा फोटो आहे, त्याच्या कोपऱ्याला अडकवला. बरा दिसला. बाहेर जाऊन बादलीला पाणी घालत बसलो.

आता मालूबाईंच्या डोळ्यांनी बघ. उखर्डूभाऊंची बायको ती. गेले काही महिने लेकीकडे होती आणि आदल्या रात्रीच परतली. सांजोऱ्यांचं ताट घेऊन ती सरळ आत आली. समोर नवी घागर, घागरीवर खरबूज, वर तुझा फोटो, फोटोला मोगरा, आणि दिवस आखाजीचा.

ताट पडल्याचा आवाज आला. मग तिचा हंबरडा.

"माय वं! माझी बहीण कशी गेली वं! भाऊ, आम्हाले खबर बी नाही केली? एवढे परके झालो का आम्ही?"

गल्ली गोळा झाली. उखर्डूभाऊ आले, शेजारच्या तृप्ती वहिनी आल्या, पलीकडचा सागर दुकान उघडं टाकून आला. मी मागच्या दारातून हातात तांब्या घेऊन आत आलो. मालूबाई माझ्या पायाशी बसून रडत होती. मला एका क्षणात सगळं कळलं. "अहो बाई, ती पुण्यात आहे, ओवीला खिमट भरवतेय," एवढंच म्हणायचं होतं. तोंडही उघडलं.

आणि मी रडायला लागलो.

कसं ते मला विचारू नकोस. उखर्डूभाऊ, जे जन्मात चार शब्द बोलत नाहीत, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बसा भाऊ. रडून घ्या. आम्ही हाओत ना." त्या हाताखाली मी बसलो. तू गेल्यापासून माझ्या खांद्यावर कुणाचा हात पडला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. कुणीतरी पंखा लावला. तृप्ती वहिनी म्हणाल्या, "चहा तरी घ्या थोडा," आणि स्वयंपाकघरात जाऊन परत आल्या, "दूधच नाही घरात." त्यावर बायका आणखी रडल्या.

मी कुणालाही खरं सांगितलं नाही. किती वेळ, ते माहीत नाही. मला ते सांत्वन हवं होतं, वंदना. बायको गेली म्हणजे माणसं येतात, बसतात, दोन घास भरवतात. बायको नातीला सांभाळायला पुण्याला गेली तर म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" मीही हसून "हो ना," म्हणतो. दिवाळीपासून म्हणतोय. काल पहिल्यांदा मला कुणी "एकटे कसे राहता?" असं विचारलं, आणि ते तू मेलीस असं समजून विचारलं.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल वाजला आणि त्यावर तुझा चेहरा आला. मालूबाईनं अशी किंकाळी फोडली की सागर दाराबाहेर पळाला. बाकी तू पाहिलंसच. तू फोन ठेवल्यावर मग मी सगळ्यांना सांगितलं, घागरीत काय आहे तेही. आधी उखर्डूभाऊ हसले, मग सगळेच.

मालूबाई नाही हसली. ती उठली, फोटोवरचा गजरा ओढून काढला आणि माझ्या हातात कोंबला. "जित्या बाईच्या फोटोले गजरा लावता? शिकेल-सवरेल माणूस तुम्ही! फोटोले काय लावता, तिच्या डोक्याले लावा जाऊन!" मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मंग वंदनाताई येतीन कधी?"

मी पेले आणायला आत गेलो.

सगळ्यांना मी पेले भरून दिले. त्या घागरीतलं प्यायला आधी कुणी तयार होईना. शेवटी मालूबाईनंच एक घोट घेतला आणि म्हणाली, "गवताचं पानी हाय, पन जीव थंडा झाला." घागर रिकामी झाली. तुझा स्टीलचा पेला मी कुणाला दिला नाही.

आता खरं लिहितो. दूध नासतं म्हणून मी बंद केलं नाही. एक कप चहा मला करता येत नाही. कितीही मोजून पाणी ठेवलं तरी दोघांचा होतो, आणि दुसरा कप समोर गार होत जातो. तो बघवत नाही. हा थंड चहा आधीच गार असतो, म्हणून चालतो. एवढीच त्याची थोरवी.

मला तिकडे बोलावता तेव्हा मी घर, ऊन, झाडं असली कारणं सांगतो. खरं कारण असं की मागच्या वेळी मी सोफ्यावर पेपर धरून पाहुण्यासारखा बसून होतो आणि तू दिवसभर धावत होतीस. तसा मी पुन्हा येणार नाही. पण ओवीला दुपारी झोपवता येईल मला. भाजी आणता येईल. चार वाजता सगळ्यांसाठी गवती चहा करता येईल, आता मला तो चांगला जमतो. मालूबाई बादलीतलं अर्धं रोप लावायला मागतेय. उरलेलं अर्धं गोणपाटात बांधून गाडीत नेता येतं, मी चौकशी केलीय.

किंवा तू ये. थोडे दिवस ये. मला दोन्ही चालेल. चालत नाही ते असं राहणं.

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस. वाचलंस की गॅलरीत जा, स्पीकर बंद कर आणि फोन करून एवढंच सांग: मी येऊ, की तू येतेस? गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. तुझं उत्तर येईपर्यंत टिकणार नाही, पण टाकवत नाही.

ओवीला पापा. इकडची काळजी असावी.

तुझा,
अनंत