फुलांच्या दरीची तयारी

ती. वसुंधराताईस,

भिलाईहून धाकट्या सूर्यकांतचा नमस्कार. अकोल्याचं ऊन उतरलं का, आणि तुझी नवी कवळी आता तोंडात राहते की डबीत, तेही कळव. आम्ही ठीक आहोत (ठीक म्हणजे काय, ते पुढं येईलच).

प्लांटमधून रिटायर झालो त्या दिवशी वासंतीला विचारलं, तुला काय हवं. छत्तीस वर्षं माझ्या शिफ्टच्या वेळा पाहून जिनं डबे भरले, ती निदान बांगड्या तरी मागेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मले उत्तराखंडातली फुलांची दरी पाहायची आहे." ते राष्ट्रीय उद्यान आहे डोंगरात, फुलं ऐन पावसाळ्यात, आणि शेवटचे कितीतरी किलोमीटर पायी चढायचे. मी ऑगस्ट ठरवला. भिलाईत डोंगर नाही, तेव्हा चढाची कसर ओझ्यानं भरून काढावी म्हणून पाठीवरच्या थैलीत दहा किलो गहू भरून वैशाली नगरातून सुपेल्याकडे चालायला लागलो.

शेजारच्या मैनाबाईंनी पहिल्याच दिवशी थैलीतून डोकावणारा गहू पाहिला आणि विचारलं, चक्कीवर चाललात का. खरं कारण फाटकाशी उभं राहून कसं सांगावं ते सुचेना, म्हणून हो म्हणालो. त्यांनी आपलाही डबा हातात दिला. तिसऱ्या दिवशी तीन घरांचं दळण माझ्याकडे होतं (आणि बारीक दळलं नाही म्हणून एक तक्रारही).

चौथ्या दिवशी सुपेल्याच्या चौकाअलीकडे छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं झालं. चक्कीवाल्या फकिरानं मला पोत्यावर बसवलं, पाणी पाजलं, ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, सपाटीवर रिकाम्या हातानं फिरा, डोंगराचं नाव काढू नका. घरी येऊन मी पित्त झालं म्हणालो. वासंतीनं आल्याचा रस दिला, काही विचारलं नाही.

ताई, तिनं बूट आणले आहेत. सवय व्हावी म्हणून ते घालून ती घरभर वावरते. मी पेपर तोंडासमोर धरतो. सांगितलं तर ती एक शब्दही न बोलता बूट कपाटात ठेवून देईल, आणि तेच मला बघवणार नाही.

तुझा,
सूर्यकांत

ता. क. : तू रोज पाच किलोमीटर चालतेस. माझ्या जागी तू जा. पण ही तुझीच हौस आहे आणि घर राखायला मी मागं राहावं, असं लिही. तुझा हट्टी स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे, वासंतीला शंका येणार नाही.

ता. क. दुसरा : ताई, मी वासंती. पाकीट पोस्टात टाकायला यांनी माझ्याजवळच दिलं, आणि मी ते उघडून वाचलं. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. मग आमच्या महिला मंडळाच्या बायका त्याच दरीला निघाल्यात, त्यांच्यासोबत मी माझं एकटीचं नाव दिलं, आणि यांना कसं सांगावं ते कळेना. मी बूट घालून यांच्यासमोर फिरत होते, म्हटलं हेच काहीतरी विचारतील. तुम्ही डोंगरावर नका जाऊ, मी तिकडे असेन ते दहा दिवस इकडे यांच्यापाशी या. यांना सोडून जायचं जिवावर येतं, तरी मला जायचं आहे. आत्ताच यांना तसं सांगून आले. यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "तिकडं थंडी राहते. माझी कानटोपी नेजो."