वहिनींचं वेगळं पॅकेज

१४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. दादाचा खोकला थांबला का? त्याला म्हणावं, औषध बाटलीत ठेवून गुण येत नाही.

आपली वाचक लायब्ररी, म्हणजे लिहिलेलं मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, जोरात चाललीय. प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेतून ती वापरता यावी म्हणून वेगवेगळी बाइंडिंग्ज, म्हणजे जोडणारे दुवे, आहेत, त्यातलं तुमच्या शाळेसाठीचं तुम्ही लिहिलेलं; आणि दर वेळी प्रत्येकाचं मशीनवर चढवायचं स्वतंत्र पॅकेज बांधताना माझा पिट्टा पडायचा. म्हणून सगळी एकाच पॅकेजमध्ये कोंबली. तुम्हाला माहीतच आहे. मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालाही होतात, "भाऊजी, आमच्या अंधशाळेतली मशीनं जुनी आहेत, एवढं ओझं नाही पेलायची."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, एकत्र कुटुंबात नांदायचं नाही वाटतं तुम्हाला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात.

बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी.

परवा तुमचा फोन आला. वर्गातली मशीनं मुकी झालीत, परीक्षा तोंडावर आहे, मुलं नुसते हेडफोन लावून बसतात, आणि मोठ्या बाई म्हणतात तुमच्याच खटपटीने बिघडली. "माझ्या बाइंडिंगमध्ये काही चुकलं असेल का हो?" तुम्ही विचारलंत तेव्हाच मला लख्ख कळलं होतं. नवं पॅकेज आपोआप उतरलं होतं आणि मशीनमधली सगळी जागा त्यानं खाल्ली होती.

तरी मी म्हणालो, "तुमचंच काहीतरी असेल."

तुम्ही जाऊन चूक कबूल केलीत आणि मोठ्या बाईंनी तुमच्याकडून वर्ग काढून घेतला. हे दादाने सांगितलं, तुम्ही नाही. वहिनी, फार लाज वाटते हो.

आज तुमचं बाइंडिंग पुन्हा वेगळ्या पॅकेजमध्ये काढलंय. हलकं आहे, जुन्या मशीनवर चढेल. चूक माझी होती, असं टीमला आणि मोठ्या बाईंना कळवलंय. पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही हे पत्र मनातल्या मनात वाचाल आणि "जाऊ द्या भाऊजी" म्हणून मिटवून टाकाल. तसं करू नका. मशीन सुरू झालं की हेच पत्र त्याला वाचायला द्या. वर्गात, मोठ्या बाईंसमोर. हेडफोन काढा आणि आवाज पूर्ण सोडा.

मुलांनो, तुमची मशीनं मी बंद पाडली. तुमच्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं. मी त्यांची थट्टा केली आणि नंतर त्यांच्याशी खोटं बोललो.

त्यांच्याकडे मान वर करून बघू न शकणारा,
तुमच्या बाईंचा दीर