अकरावं नाव

तीर्थरूप आबा,
रत्नाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. हॉलंडात माझी नोकरी नीट चाललीय.

हितल्या खेड्यातला फुटबॉल क्लब शंभर वर्षांचा हाय. शेतकऱ्यांनी गायरानात माती टाकून मैदान केलं. औंदा बायकांच्या संघात दहाच जणी उरल्या. शहरातला क्लब म्हणाला, "संघ मोडा, आमच्यात या." बैठकीत म्हाताऱ्या आन्याबाई उठल्या. "आमच्या येळी बायांना बंदी होती. तरी आमी याच मैदानावर खेळलो." म्या लगेच अकरावं नाव माझं दिलं.

तुमी फोनवर नको म्हणालात. पर आबा, मी खेळणार. गुडघा थोडा सुजलाय, आईला सांगू नका. आपल्या पासलीत भात कापून झालं का?

शनिवारी नऊ गोल खाल्ले. पर शेवटची शिट्टी होईस्तोवर आमी अकराही जणी मैदानात उभ्या होतो.

तुमच्यासारखीच हट्टी,
रत्ना