चादरीची सुरकुती आणि अण्णांची साधना

ती. अण्णांना,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनातच घातलाय, कारण इथली फरशी फार गार असते.

मी मजेत आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते. कंबर जरा धरते, पण काळजी नको.

गंमत ऐका. मी भारतातून आलेली, म्हणून इथल्या लॉन्ड्रीतल्या बायकांनी योग शिकवायला मलाच उभं केलं! तुम्ही पहाटे हाक मारलीत की पांघरूण डोक्यावर ओढणारी मी! शवासन शिकवताना सगळ्यांत आधी मीच घोरले.

मग तुमचंच ऐकवलं, की आसनं ही नुसती सुरुवात. ज्ञान, भक्ती, कर्म, ध्यान, कुठल्याही वाटेनं जा, शेवटी ‘मी’पण गळायला हवं.

तर आमच्या मुकादम मावशी म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, देवाचं नाव घ्यायला सवड नाही. पण तीस वर्षांत चादरीला सुरकुती ठेवली नाही. कुणा आजाऱ्याच्या पाठीला टोचायची. हे धरतात का गं यात?”

मी म्हटलं, “अण्णांना विचारून सांगते.”

घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. “तुझ्या आईची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ध्यानाला बसणं होत नाही. चाळीस वर्षांची साधना मोडली.”

मावशींना मी तुम्हाला न विचारताच ‘हो’ सांगून टाकलं.

आई नीट जेवते ना? आणि तुम्ही? तिची कूस बदलाल तेव्हा चादर ताणून घ्या. आणि साधना मोडली असं पुन्हा लिहू नका.

पहाटे न उठणारी,
तुमची लेक