सातवी ट्रायल

४ नोव्हेंबर, मंगळवार

विजूचा ईसीजी नॉर्मल आला. तरी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतंच. जरा काही झालं की दचकते, परवा हातातून पातेलं सुटलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कसलं टेन्शन? मोशीत स्वतःचा फ्लॅट, लेक दिव्या नोकरीला लागलेली, मी रिटायर होऊन दिवसभर बायकोजवळ! ते काही नाही, हिची धडधड आता मीच थांबवणार. गोळ्या नकोत. मन शांत करणारा चहा रोज संध्याकाळी घरीच करायचा. तळमजल्यावरच्या सोजरबाईंनी कुंडीतला मूठभर गवती चहा दिला.

५ नोव्हेंबर

पहिली ट्रायल. कडू. रिजेक्ट.

७ नोव्हेंबर

चौथी ट्रायल. जायफळ जास्त.

चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांत, एकतीस वर्षं काढली. माझ्या सहीशिवाय पहिला पीस पुढे जायचा नाही. तसाच कागद इथेही केलाय — पाणी किती, पाती किती, बडीशेप किती, मिनिटं किती. दिव्या हसते. हसू दे.

सगळी गोम उकळीत आहे. पाणी आधी सूं करतं, मग बारीक खदखदतं. नेमकं तेव्हाच गॅस कमी करून पाती टाकायच्या. तो आवाज ऐकायचा म्हणून टीव्ही बंद, मिक्सर बंद, मीसुद्धा गप्प. कान पातेल्याशी. त्यावरून दिव्याचं सुरू — "बाबा, कानाचं मशीन घ्या." मशीन म्हाताऱ्यांना! माझे कान ठणठणीत आहेत. विजूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सातवी ट्रायल ओके!

दीड कप पाणी आटवून एक कप. गवती चहाच्या चार पाती, बडीशेप अर्धा चमचा, जायफळ अगदी चिमटीच्या टोकावर. झाकून पाच मिनिटं. विजू कप घेऊन गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीपाशी बसली. आली तेव्हा कप रिकामा. "छान झालाय," म्हणाली. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

१७ नोव्हेंबर

आठवडा झाला, एकदाही धडधड नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते मी सात ट्रायलमध्ये केलं. कागदावर सही करून फ्रीजवर लावला. एक कॉपी सोजरबाईंना दिली, कृती समजावूनही सांगितली. त्या म्हणतात, "दादा, हळू बोला की, मी हितंच हाय." कौतुक करायचं सोडून भलतंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मोगरा पिवळा पडलाय. माती हुंगून पाहिली तर जायफळाचा वास. माझाच चहा, बारा दिवसांचा!

विजूला विचारलं. तिने तीनदा सांगितलं तेव्हा कळलं — "जायफळानं मला मळमळतं. तुम्ही एवढ्या हौसेनं करता, म्हणून बोलले नाही."

मग धडधड कशाने थांबली? दिव्या काहीतरी म्हणाली. कळलं नाही. पुन्हा म्हणाली. शेवटी तिने फ्रीजवरचा कागद काढला आणि माझ्या सहीच्या पाठीमागे लिहून दिलं — "बाबा, तुम्ही दिवसभर ओरडून बोलता. संध्याकाळपर्यंत आईची छाती धडधडायला लागते. फक्त चहा करताना पाण्याचा आवाज ऐकायला तुम्ही गप्प असता. तेवढ्या वेळात ती शांत होते."

मी ओरडतो? प्रेसशेजारी उभं राहून काय कुजबुजायचं होतं? फार राग आला. जेवलो नाही. कागद मात्र फेकवला नाही.

२३ नोव्हेंबर

आज जायफळ नाही, पाती नाहीत. नुसतं पाणी उकळत ठेवलं आणि गप्प उभा राहिलो. विजू स्टूल घेऊन जवळ येऊन बसली.

२ डिसेंबर

कानाचं मशीन बसवलं. घरी आलो, दारातून नेहमीसारखीच हाक मारली, "विजू, पाणी आण."

मीच दचकलो.