तेल न पिणारा कागद

सांगली, ४ फेब्रुवारी २०२५

ती. समीक्षाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचा धीर होईना म्हणून लिहितेय. आमच्या कारखान्यातला जो तेल न पिणारा कागद मी तुझ्या गाड्यासाठी दोन वर्षं पाठवतेय, त्यात आजपासून गरम वडे बांधू नकोस. प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. त्याच्या लेपात फ्लोरिनची रसायनं आहेत. गरम तेलातून ती खाण्यात उतरतात, अंगात वर्षानुवर्षं राहतात, पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. तपासणी माझ्याकडं, आणि मी पुरवठादाराचा शिक्का बघून सही करत राहिले. तुला सहावा महिना.

रागाव माझ्यावर, पण अबोला धरू नकोस.
तुझी, पल्लवी

वडूज, ९ फेब्रुवारी

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

गाडा बंद ठेवलाय. एकच इचारते, खरं सांग. मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात पोटातलं गेलं, ते ह्यामुळं का? तवा रोज त्याच कागदातले उरलेले वडे खायची मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं कुणालाच सांगता यायचं न्हाई. आता बाळ हललं न्हाई की मी गार पडते. आणि शाळेची पोरं खात्यात, त्यांचं काय गं?

ह्यांना अजून बोलले न्हाई. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतो, तशी कागदाला लावून बघा. त्यांचा हट्ट तुला म्हाईत हाय. खळ लावलेले दहा कागद एसटीनं पाठवलेत.

रागावले न्हाई. जिवाला जप.
तुझी ताई

सांगली, १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या वर्षीचं तू विचारलंस. 'त्यामुळं नव्हे' असं लिहायला घेतलं होतं, खोडलं.

तुझ्या सासूबाईंचे कागद सात मिनिटांत तेलकट झाले. मग खळ घट्ट शिजवली, दोन थर दिले, गरम रुळातून काढले. गरम वडा अर्धा तास टिकला. प्रयोगशाळेत त्यात फ्लोरिन सापडला नाही. मालक म्हणाले, जुना साठा खपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी सगळ्या गिऱ्हाइकांना तो पहिला अहवाल धाडला. आज त्यांनी मला कामावरून काढलं, सांगलीत कुठं उभी राहतेस ते बघतो म्हणाले.

दाजींना सांग, आणि माझी आठवण ठेव.
तुझी, पल्लवी

वडूज, २० मे

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

लेक झाली. लय बारीक हाय, पण आवाज मोठा. ह्यांना मी तुझं पत्र आलं तवाच सांगितलं. खळीचा कागद घेऊन गाडा परत उघडला, तवा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पोरांच्या आयांना आमी दोघांनी तोंडानं सांगितलं, कशात खाऊ घालत होतो ते. अर्ध्याजणी परत आल्या न्हाईत. एकीनं शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या.

लेक रडली तवा मी पहिलं इचारलं, समदं ठीक हाय का. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आज तरी ठीक हाय. मला 'आज तरी' एवढंच ऐकू आलं. तवापास्नं तेच कानात हाय.

सासूबाईंनी चुलीवर खळीचं मोठं पातेलं चढवलंय, गावातल्या चार गाडेवाल्यांनी कागद मागितलाय. तू इकडं ये. भ्यायचंच असंल तर दोघी जवळ बसून भिऊ.

वाट बघते.
तुझी ताई