अकरा मिनिटं चाळीस सेकंद

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
बटण दाबल्यापासून फाईल उघडेपर्यंत ११ मिनिटं ४० सेकंद. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर तीनदा मोजलं. तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडी, मोजली. मोजल्याशिवाय तक्रार करत नाही.
बायकोचं, विजयमालाचं, वर्षश्राद्ध ९ नोव्हेंबरला. पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर चार ओळींचा मजकूर लागेल. तो मी स्वतः लिहिणार, असं तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून बसलोय. अजून दोन महिने आहेत. चार ओळी. अडचण फक्त कॉम्प्युटरची.

३ सप्टेंबर
प्रयागअक्काचा कळंबहून फोन. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे फोनवरही उभं राहून बोलतो. म्हणाली, वहीवर लिही की, हात हायती न्हवं तुला? समजावलं की वहीवरचं पुन्हा टाईप करावं लागतं, म्हणजे दुप्पट काम. पटलं नाही तिला. शिक्षण कमी.
(ही रोजनिशी वहीत लिहितो, पण तो वेगळा विषय आहे.)

९ सप्टेंबर, मंगळवार
निर्णय झाला. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी टाकायची. म्हणजे नव्या जातीची हार्ड डिस्क, आत काही फिरत नाही, त्यामुळे चटकन चालू होतं. व्हिडिओ पाहिले, एकूण चौदा. काम अर्ध्या तासाचं. स्वतः करणार.
आसावरीला फोन केला. ती पुण्याला असते. म्हणाली, आप्पा, चार ओळी तर आहेत, मोबाईलवर लिहून पाठवा. मोबाईलचा कीबोर्ड बारीक असतो हे मुलीला कोण सांगणार.

१० सप्टेंबर
पितृपंधरवडा चालू आहे हे लक्षात आलं नव्हतं. अक्काच्या आलं. पितरपाटात नवी वस्तू घरात आणायची न्हाय, आन् आपलं तर वरीस बी सरलं न्हाय, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, ही वस्तू कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत जाते, बाहेरून दिसत नाही, ट्रॅक्टरला पिस्टन बदलल्यासारखं. अक्का म्हणाली, आत जातीया म्हंजी घरातच जातीया की.
यावर शास्त्रीय उत्तर आहे. त्या वेळी सुचलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार
पंधरवडा संपला. बारामतीला जाऊन एसएसडी आणली. पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण पातळ. कपाटात विजयमालाच्या पोथीशेजारी ठेवली. उद्या बसवतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
बसवली नाही. सणाचा दिवस, आणि आपल्याकडे यंदा सण नाही. दोन्ही कारणं.
दरवर्षी या दिवशी ती खुरपं, विळा, शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटरचा डबा असं ओळीनं मांडायची. हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडू. मी म्हणायचो, अगं त्याला वरून जाळी आहे, आत जातं सगळं. ती म्हणायची, तुमचं हत्यार हाय ते, तुमी मधी बोलू नगा. रिटायर झाल्यावर मी लोकांचे माती परीक्षणाचे रिपोर्ट टाईप करायचो. त्याला ती हत्यार म्हणायची.
यंदा पूजा नाही. तरी कॉम्प्युटर चालू व्हायला ११ मि. ४० से. पूजेचा स्पीडवर काही परिणाम नाही. नोंद केली.

६ ऑक्टोबर. सकाळी ९.००
काम हातात घेतलं. स्क्रू चार. स्क्रूड्रायव्हर शिलाई मशीनच्या खणात सापडला. तीन स्क्रू निघाले. चौथ्याचं डोकं झिजलं. कंपनीचा स्क्रू खराब.
तीन पुन्हा बसवले. डबा चालू केला आणि वाट बघत बसलो. पूर्वी एवढ्या वेळात चहा व्हायचा. ती चहा घेऊन कॉटवर बसायची आणि कॉम्प्युटर चालू होईपर्यंत बोलायची. नऊ वर्षं, रोज सकाळी. घरचं, शेजारचं, माहेरचं. मी स्क्रीनवर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघायचो. चालू झालं की म्हणायचो, हं, आता काम करू दे. ती कपबशी उचलून जायची.
त्यात काही विशेष नव्हतं. लिहायचं म्हणून लिहिलं.

१३ ऑक्टोबर
चौथा स्क्रू: प्रयत्न तिसरा. अंगठ्याला पट्टी. पट्टीमुळे टायपिंग बंद.

१५ ऑक्टोबर, बुधवार
डबा सोलापुरी चादरीत बांधून इंदापूरहून एसटीने बारामतीला नेला. कंडक्टरने विचारलं, आबा, चादरीत काय हाय? सांगितलं. म्हणाला, मग मांडीवर घ्या, खाली आदळंल. तासभर मांडीवर होता. जड आहे. पायांना मुंग्या आल्या.
दुकान राजेश्वरी नावाच्या बाईंचं. चाळिशीच्या, बोलायला फटकळ, हात चपळ. चौथा स्क्रू त्यांनी अर्ध्या मिनिटात काढला. मी आधी हलवलेला तो, म्हणून सैल झाला असणार. झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाल्या, आबा, हितं भाताची पेरणी केलीया व्हय?
आत तांदूळ. मूठभर तरी असतील. कुंकवाचा थर, हळदीच्या खपल्या, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. पंख्याला सगळं चिकटलेलं. नऊ दसऱ्यांचं.
मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा दाराबाहेर नेला आणि ब्लोअर चालू केला. दोन मिनिटांत साफ. रस्त्यावर लाल धूळ उडाली आणि एक रिक्षा त्यावरून गेली.
म्हणाल्या, आता बगा कसं मोकळं झालं. मी म्हणालो, हो, बरं झालं.
जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायला चार तास. बाकावर बसून होतो. पंखाही नवा बसवला. काही वाटलं नाही. जेवण राहिलं, एवढंच.

१६ ऑक्टोबर. सकाळी ७.००
१३ सेकंद! नऊ वेळा चालू-बंद करून पाहिलं. सरासरी १३.२.
फाईल उघडली. वर टाईप केलं: कै. सौ. विजयमाला रामहरी. मग रेघ लुकलुकत राहिली. ७.४० ला बंद केला. खुर्ची कमी उंचीची आहे. उशी घेतली पाहिजे.

१७ ऑक्टोबर
उशी घेतली. आता स्क्रीन खाली वाटतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
पूजा नाही, फराळ नाही. फुरसत भरपूर. नावाखाली लिहिलं: ‘अत्यंत प्रेमळ.’ खोडलं. ती प्रेमळ होती, पण असं कोणी म्हटलं तर तिला हसू आलं असतं. ‘कष्टाळू.’ खोडलं. बैलाला म्हणतात तसं वाटतं.
चष्म्याचा नंबर वाढला असावा.

२८ ऑक्टोबर
अक्काचा फोन. फ्लेक्सवाल्याला ४ तारखेपर्यंत मजकूर पाहिजे. म्हणाली, झालं का न्हाय तुजं? मशीन तर पळाय लागलं म्हन्तोस. म्हणालो, मशीन पळतंय, अंतिम हात फिरवतोय.
चहा करून कॉम्प्युटरसमोर बसलो. आधण येईपर्यंत तो चालू होऊन, वाट बघून, स्वतःच झोपला होता. हा नव्या तंत्रज्ञानाचा दोष आहे. तेरा सेकंदांत माणसाला बसताही येत नाही. तिचं एक वाक्य पुरं झालं नसतं.

१ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा बारामती. राजेश्वरीबाईंना म्हणालो, त्या दिवशी डब्यातून निघालं त्याचा नमुना हवाय, लॅबच्या सवयीने तपासून बघतो, कचरा कशाने झाला ते. त्या म्हणाल्या, आबा, ते तर तवाच वाऱ्यावर गेलं. मग माझ्याकडे जरा बघत राहिल्या. उठून भंगाराच्या खोक्यातून माझा जुना पंखा शोधून आणला. पात्यांच्या बुडाशी हळदीत चार दाणे रुतलेले.
विचारलं, काकू पूजा करायच्या का? हो म्हणालो. त्यांनी पिनेने एकेक दाणा सोडवून कागदाच्या पुडीत बांधून दिला. पंखा पण न्या म्हणाल्या. नेला.
घरी जुनी नमुन्याची बाटली होती, तीत ठेवले. लेबल लावलं. नमुना: अक्षता. नग: चार. तपासणी: बाकी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मजकूर गेला नाही. अक्काने फ्लेक्सवाल्याला सांगितलं, तुझ्याकडं असंल ते टाक. त्याच्याकडे तयार असतो. आसावरीने त्याला आईचा फोटो पाठवला. मला विचारलं, आप्पा, चालेल ना? म्हणालो, चालेल. तांत्रिक कारणाने राहिलं.
मग म्हणाली, आप्पा, रडलात का एकदा तरी? मी म्हणालो, नेटवर्क जातंय.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.३०
कार्यक्रम व्यवस्थित पार पडला. पाहुणे दीडशे. जेवण चांगलं. भटजी वेळेत.
फ्लेक्स मांडवाच्या दारात. ‘हसतमुख, प्रेमळ, धार्मिक, सर्वांचा आधार.’ तीन वेळा वाचला. गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर दुसऱ्या कोणाच्या तरी आजीच्या फोटोखाली हेच होतं. शब्द तेच, क्रम तोच. अक्का शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, छान झालाय. मग पदराने फोटोवरची धूळ पुसली आणि म्हणाली, ही न्हाय रं ह्यात.
सगळे गेल्यावर कॉम्प्युटर लावला. १३ सेकंद. फाईल उघडली. नऊ वर्षं ती रोज सकाळी त्या कॉटवर बसून बोलली. त्यातलं एक तरी वाक्य आठवावं म्हणून बसलो. एकही आठवेना. ठिपके आठवतात. ते कसे फिरायचे ते अगदी स्पष्ट आठवतं.
मग नावाखाली टाईप केलं: दर दसऱ्याला माझ्या कॉम्प्युटरवर अक्षता टाकायची, मी नको म्हणत असताना.
वाचून बघितलं. ही तीच आहे.
चालू व्हायला: १३ सेकंद. मजकूर: एक ओळ. फ्लेक्स उद्या सकाळी उतरवणार आहेत.